लेकीसोबत चेतकचं इंजिन उघडताय? आधी हे ऐका

भाऊ, लेकीसोबतच्या पहिल्या कामाला बजाजची जुनी चेतक स्कूटरच घेतली हे बरं केलं. टू-स्ट्रोक इंजिन, 145 सीसी. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, त्यामुळे आठवीतल्या लेकराला एका दुपारीत समजतं.

मी परभणीत माझ्या लेकीसोबत हेच केलं. खोलायचं काम तिलाच करू द्या. तुम्ही पाना धरला की ती नुसती बघत बसते. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी तिच्या हातची.

बोअर करायचं असेल, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कापून थोडा मोठा करायचा असेल, तर आधी ओव्हरसाईज (थोडा मोठा) पिस्टन विकत घ्या आणि तोच टर्निंगवाल्याला (लेथवाल्याला) द्या. त्याच्या मापानं बोअर होऊ द्या. उलटं केलं की पिस्टन घट्ट तरी बसतो, नाहीतर खुळखुळतो.

आता रिंगा. पिस्टनच्या खाचेत बारीकशी खुंटी दिसेल, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. रिंगेची दोन्ही टोकं त्या खुंटीपाशीच यायला हवीत. लेकीला बोट फिरवून बघायला सांगा, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या भोकाकडे. गजन पिनचं, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेचं, लॉक मात्र नवंच टाका. मी दहा रुपये वाचवायला जुनं बसवलं, ते निसटलं आणि नव्या सिलेंडरला ओरखडा पडला. लेक रडली होती, अजून आठवतं.

आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, दिवाळीची सुट्टी गाठा. पेट्रोलमध्ये ऑईल लिटरला 20 मिली. पहिली किक तिला मारू द्या.