सायकसच्या (पामसारखं दिसणारं शोभेचं झाड) बिया घरी रुजवता येतात का? माझ्या पेरून दोन महिने झाले, काहीच हालचाल नाही.

येतात, पण दोन महिने म्हणजे काहीच नाही. सायकसचं बी गळून पडतं तेव्हा आतला गर्भ बरेचदा अर्धवटच वाढलेला असतो. तो पुरा व्हायलाच काही महिने जातात. त्यामुळे बी उकरून बघायचा मोह आवरा.

वरचं केशरी साल काढलं होतं का? ते राहिलं तर बुरशी धरते आणि रुजणंही लांबतं. बी दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग साल खरवडा. हातमोजे हवेतच, कारण बी विषारी असतं. घरात कुत्रं असेल तर त्याच्या तोंडी लागू देऊ नका.

पेरताना बी आडवं ठेवून अर्धंच दाबायचं, जाड वाळू किंवा परलाइटमध्ये (कुंडीत घालतात ते पांढरे, हलके दाणे). ओल हवी, चिखल नको. ऊब २५ ते ३० अंश. आधी कवच तडकून जाड मूळ खाली जातं, पान बऱ्याच उशिरा येतं.

एक शंका मात्र राहते: नर-मादी झाडं वेगळी असतात. जवळ नर नसेल, हातानेही परागण केलं नसेल, तर बी दिसायला टपोरं पण आतून पोकळ निघतं. साल काढलेलं बी पाण्यावर तरंगलं तर बहुधा तेच.