बगॅसपासून इथेनॉल करायला कारखान्यातले यीस्ट का पुरत नाही?

मळीपासून सर्रास इथेनॉल करणारे यीस्ट बगॅसला, म्हणजे उसाचा रस काढून उरलेल्या चिपाडाला, का चालत नाही, आणि शास्त्रज्ञ सूक्ष्मजीवाच्या चयापचयात बदल करतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, असे तुम्ही विचारले आहे. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. याच प्रश्नाशी माझी गाठ विद्यार्थिदशेत पडली होती, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही मोहोळ गावाकडून पोतेभर बगॅस आणला होता. तो सौम्य गंधकाम्लात उकळून गाळला आणि चुना घालून आम्लता मोडली, तेव्हा कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी हाती आले. त्यात यीस्ट घातले. थोडे बुडबुडे आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क अगदी शांत होता. यीस्ट मेले असे आम्ही समजलो. पण तेच यीस्ट तळातून काढून, धुऊन गुळाच्या पाण्यात सोडले, तर काही तासांत फेस धरू लागले. मागे उरलेल्या पाण्याची डीएनएस ही साखर ओळखण्याची चाचणी केली, तेव्हा परीक्षानळीतला पिवळा द्राव उकळताच गडद तांबूस झाला. साखर भरपूर शिल्लक होती आणि यीस्ट त्या साखरेत बसून उपाशी होते.

ती साखर म्हणजे झायलोज. उसाच्या रसातून आणि मळीतून यीस्टला मुख्यतः सुक्रोज, ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळतात. बगॅसमध्ये साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज, म्हणजे साखरेच्या रेणूंची जोडलेली साखळी, असते, सौम्य आम्ल प्रथम तेच फोडते, आणि त्यातून प्रामुख्याने पाच कार्बनांची झायलोज सुटते, जी पचवण्याची पुरेशी यंत्रणा कारखान्यातल्या यीस्टकडे नसते.

आता मुख्य मुद्दा. पेशी इथेनॉल करते ती स्वतःचा जमाखर्च जुळवण्यासाठी. ग्लुकोज फोडताना निघालेला हायड्रोजन एनएडी नावाच्या वाहकावर चढतो आणि तो उतरवल्याशिवाय पुढचे ग्लुकोज फोडता येत नाही. ऑक्सिजन नसताना यीस्ट तो ॲसिटाल्डिहाइडवर उतरवते, आणि त्याचेच इथेनॉल होते. हा हिशोब इतका चोख आहे की 180 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 92 ग्रॅम इथेनॉल मिळते आणि उरलेले 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते.

हा जमाखर्च न पाहता नुसते जनुक घातले की काय होते, ते झायलोजच्या बाबतीत दिसले. झायलोज पचवणाऱ्या दुसऱ्या एका यीस्टमधली दोन जनुके कारखान्यातल्या यीस्टमध्ये घातली, तेव्हा त्या जनुकांपासून बनलेल्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) पहिले विकर हायड्रोजन मुख्यतः एनएडीपीएच या वाहकाकडून घेऊ लागले आणि दुसरे तो एनएडीवर चढवू लागले. एका खात्यातून उचल आणि भरणा दुसऱ्याच खात्यात, त्यामुळे ऑक्सिजनशिवाय काम अडले आणि साखर झायलिटॉल या अर्धवट टप्प्यावरच्या पदार्थाच्या रूपात बाहेर पडू लागली. 2003 मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी हत्तीच्या लिदीत सापडलेल्या पायरोमायसिस या बुरशीचे झायलोज आयसोमरेज हे विकर यीस्टमध्ये आणले. ते झायलोजचे थेट झायल्युलोज (यीस्टला पुढे पचवता येणारी साखर) करते आणि त्यात हायड्रोजनची देवघेव मुळीच नसते. मला हे काम या विषयातले सर्वांत देखणे वाटते. अर्थात नुसते जनुक घालून वेग आला नाही. ते यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या झायलोजवरच वाढवून, त्यातले जोमदार तेवढे निवडावे लागले.

इथेनॉलखेरीज इतर इंधनांसाठी मार्गच वळवावा लागतो. 2008 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ जेम्स लियाओ यांच्या गटाने ई. कोलाय हा जीवाणू ज्या वाटेने व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवतो, तिच्यातला मधला पदार्थ काढून घेऊन त्याचे आयसोब्युटेनॉल केले. त्यासाठी इथेनॉल, लॅक्टिक आम्ल वगैरेंकडे जाणाऱ्या फाट्यांची जनुके काढून टाकली. आयसोब्युटेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा इथेनॉलपेक्षा जास्त असते आणि ते पाणीही कमी ओढते. पण जीवाणूच्या पेशीपटलाला ते इतके जाचते की शेकडा एक-दोन टक्क्यांतच वाढ मंदावते, तर यीस्ट दहा टक्के इथेनॉलही सोसते. म्हणून तयार होणारे इंधन सतत बाहेर काढावे लागते, आणि तेथे खर्च वाढतो.

बगॅसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उकळताना साखरेबरोबर ॲसेटिक आम्ल आणि फरफ्युरलही सुटतात, आणि दोन्ही यीस्टला मारक आहेत. तुम्ही कॉलेजात हा प्रयोग करणार असाल, तर फेस थांबल्यावर फ्लास्क ओतून देऊ नका; ग्लुकोज आणि एकूण क्षपणकारी साखर (डीएनएस चाचणीत दिसणारी) वेगवेगळी मोजा. ग्लुकोज शिल्लक असेल, तर यीस्टला विष बाधले आहे. ग्लुकोज संपून साखर तरीही दिसत असेल, तर उरलेली बहुतेक झायलोजच आहे.