शवासनात रडू येतं, क्लास सोडू का?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. तू साताऱ्यात शाहूपुरीला राहतेस, वय ४१, मन शांत व्हावं म्हणून चार महिन्यांपूर्वी सकाळी सहाचा योगा क्लास लावलास आणि झालं उलटंच, शवासनात डोळे मिटले की गेल्या पावसाळ्यात गेलेली आई समोर येते आणि रडू आवरत नाही. बाकीच्या बायका "कसलं फ्रेश वाटतं" म्हणत चहाला जातात आणि तू तोंड लपवत गाडी काढतेस. त्यात मिस्टर म्हणाले, रडायलाच जायचं तर कशाला जातेस, म्हणून पंधरा दिवस क्लास बंद.

योगा माझ्यासाठी नाहीच का, असं विचारलंयस. आहे गं, आणि तुझं काहीही चुकत नाहीये.

आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तू डबा भरून ऑफिसला गेलीस, हे तूच लिहिलंयस. मग मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांची औषधं. रडलीस कधी मग? अख्ख्या दिवसात तुला कुणीच हाक मारत नाही अशी ती पाचच मिनिटं आहेत, आई तिथे नाही भेटणार तर कुठे भेटणार?

पतंजलींच्या योगसूत्रात आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत, त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. आणि अभ्यास, म्हणजे सराव, पक्का कधी होतो तर दीर्घकाळ, खंड न पाडता, मनापासून केला की. चार महिने म्हणजे दीर्घकाळ नाही बाई. तू मात्र शेजारणीच्या बरोबरीने २४ सूर्यनमस्कार धापा टाकत घालतेस आणि तशीच आडवी होतेस. सूर्यनमस्कार चांगलेच, आपल्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, ते शाळेशाळेत नेले, पण तू सध्या सहाच घाल, सावकाश. मग बसून चार आकडे मोजत श्वास घे आणि सहा मोजत सोड, श्वास अडवून धरू नकोस. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून लांब श्वास सोडला की शरीर आपोआप सैल पडतं. शवासनात डोळे मिटायची भीती वाटली तर उघडे ठेव, नाहीतर कुशीवर वळ, कुणी मार्क कापत नाही. मॅडमना आधीच दोन शब्दांत सांगून ठेव.

पण एक गोष्ट आसनाने सुटायची नाही. आई गेली तेव्हा मी पोचले नाही, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंयस, आणि मला वाटतं सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच होतं. ती गोष्ट कऱ्हाडच्या बहिणीला सांग. ती होती ना तिथे? तिच्याकडून आईचे शेवटचे दोन दिवस नीट ऐकून घे, दोघी मिळून रडा. झोप उडालीय, जेवण जात नाहीये असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव, किंवा १४४१६ ला फोन कर, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाज कसली.

मिस्टरांवर चिडू नकोस, तुला रडताना बघून ते घाबरलेत. आई गेल्यापासून मी रडलेच नव्हते, एवढंच सांग त्यांना.

सोमवारपासून परत जा. मॅट मागच्या रांगेत भिंतीजवळ टाक आणि रुमाल उशाशी ठेव.