आवडत्या लेखिकेला आपली दाद कशी पोचवावी?

तुम्ही गुहागरहून विचारलंय, की एका लेखिकेची पुस्तकं मनापासून आवडली, हे तिला कसं कळवावं आणि हापूसची पेटी पाठवली तर चालेल का. चालेल, पण आधी पत्र लिहा.

‘तुमचं लेखन फार भावलं’ हे कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं. पान क्रमांक द्या, आवडलेलं वाक्य उतरवा आणि ते का पटलं ते सांगा. समजा, कादंबरीत खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, आलंय आणि ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून शेतातलं पाणी कसं सोडतात ते तिने नेमकं टिपलंय. ‘आमच्याकडे अस्संच करतात’ ही खाडीकाठच्या माणसाची पावती तिला पुण्या-मुंबईच्या समीक्षकाकडून मिळणार नाही. चूक दिसली तर तीही कळवा. मुद्रणदोष मात्र वेगळ्या कागदावर: आवृत्ती, पान, वरून कितवी ओळ, काय छापलंय, काय हवं. तो कागद पुढच्या आवृत्तीच्या वेळी थेट प्रकाशकाकडे देता येतो. सोबत स्वतःचं हस्तलिखित ‘अभिप्रायासाठी’ अजिबात जोडू नका. कौतुकाचं पत्र तिथेच कामाचं ओझं होतं.

पत्ता पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, आवृत्ती आणि किंमत छापलेली असते तिथे प्रकाशकाचा मिळतो. लेखिकेचं नाव, खाली ‘द्वारा’ आणि प्रकाशकाचं नाव. आपला पत्ता पत्राच्या आतही लिहा, पाकीट बहुधा टाकून दिलं जातं. पावसाळ्यात शाईपेन, जेलपेन नको. ओल लागली की अक्षर फुटतं. बॉलपेन घ्या.

आता आंबे. आधी विचारून घ्या: घरी कोण आहे, मधुमेह आहे का, गावाला तर जाणार नाहीत ना. चार-पाच डझनांची पेटी दोन माणसांच्या घरात सडते, एक डझन पुष्कळ. पिकलेला आंबा प्रवासात दबतो, म्हणून पाडाचा, देठ राखून काढलेला, पेंढ्यात बसवून पाठवा आणि पिकायला किती दिवस लागतील त्याची चिठ्ठी आत ठेवा. हंगाम गेला असेल तर आमसुलं पाठवा; नीट वाळलेली असली की टिकतात. लोणचं नको, तेल गळलं की पार्सलचा सत्यानाश.

लेखिकेला पैसे मिळतात ते नव्या प्रतीच्या विक्रीतून. मानधन करारावर ठरतं; १० टक्के धरलं तर ३०० रुपयांच्या पुस्तकामागे ३० रुपये. पदपथावरच्या नकली प्रतीतून किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर फिरणाऱ्या पीडीएफमधून शून्य. म्हणून मुखपृष्ठाचा फोटो आणि आवडलेल्या दोन ओळी जरूर टाका, अख्खं प्रकरण नको.

माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोग वाचनालयाचा होतो, कारण तिथे एक प्रत कित्येक घरांत फिरते. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. पण तुमच्या गावातल्या लहान वाचनालयातही चालेल. ग्रंथपालांकडे पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत लिहून मागणी द्या. अजून तीन-चार सभासदांनी तीच मागणी केली तर पुढच्या खरेदीत पुस्तक येण्याची शक्यता वाढते. लेखिकेला व्याख्यानाला बोलावणार असाल तर मानधन आणि प्रवासखर्च पहिल्याच फोनमध्ये सांगा, आणि चिपळूण स्टेशनवर घ्यायला गाडी पाठवा. तिथून गुहागर ४०-४५ किलोमीटर आहे.