आजोबांची डबल डेकर: ठेव मोडू, की कार्डावर घेऊ?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधल्या एका तरुण वाचकाचं पत्र आहे. आजोबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, गेल्या वर्षी वारले. नातवाला लेगोचा, म्हणजे प्लास्टिकच्या विटा एकमेकींत बसवून वस्तू बांधायच्या खेळाचा, पहिला डबा त्यांनीच एका पगाराच्या दिवशी आणून दिला होता. वर्षश्राद्धाला साडेचार महिने आहेत. त्याआधी लाल डबल डेकरची विटांची प्रतिकृती बांधून आजीसमोर ठेवायची आहे. अंदाज ५५,००० रुपयांचा आहे: परदेशातून विटा ३४,०००, आराखडा करून देणाऱ्याचे १२,०००, दिवे लावलेली काचपेटी ९,०००. हातात येणारा पगार ३८,०००. त्यातले १५,००० घरात, ४,००० एसआयपीत, प्रवास-जेवण वगैरे साधारण ९,०००. अडीअडचणीसाठी बँकेत ४०,००० आहेत. आजोबांच्या १,२०,००० च्या मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून याचंच नाव आहे. ती मोडू, की क्रेडिट कार्ड वापरू, असा प्रश्न आहे.

दोन्ही नको. बस मात्र नक्की बांधा.

ठेवीचं आधी बोलू, कारण तिथे तुमचा मोठा गैरसमज दिसतो. 'आजोबांनी माझ्या नावे ठेवली' असं तुम्ही लिहिलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे तुमच्या हातात देईल, पण ते तुम्ही वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात. बँक ठेवीतल्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केलंय. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आजोबांच्या पैशावर पहिला हक्क पत्नी, मुलगे आणि मुली यांचा. म्हणजे आजी, तुमचे वडील आणि पत्रात ओझरती आलेली तुमची आत्या. वडील हयात असताना नातवाचा त्यात वाटा नाही. हे तिघांसमोर मोकळेपणाने मांडा. ते आनंदाने 'घे' म्हणतील, तरीही माझं मत बदलत नाही. आजीच्या औषधपाण्याचा पत्रात एका शब्दानेही उल्लेख नाही. त्या वयात एकदा रुग्णालयात राहावं लागलं तर लाख-सव्वा लाख कुठे गेले कळत नाही. ती रक्कम आजीच्या नावावर सुरक्षित ठेवणं हे आजोबांचंच काम पुढे नेणं आहे.

आता कार्ड. बाकी पुढे ढकलत गेलात तर बऱ्याच कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ५५,००० वर ते पहिल्याच महिन्यात १,९२५ रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २,२७० रुपये होतं. हप्ते पाडून घेतलेत तर दर उतरतो, पण प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी राहतोच. शिवाय परकीय चलनातल्या खरेदीवर कार्डवाले वेगळा आकार लावतात.

तुमचा ५५,००० चा आकडाही पुरा नाही. त्यात आयातशुल्क कुठेच धरलेलं नाही. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. आपल्याकडच्या दुकानांत हे डबे इतके महाग असण्याचं ते एक मोठं कारण. स्वतःच्या वापरासाठी कुरियरने मागवलं तर आकारणी वेगळ्या दराने होते, पण होतेच, आणि ते पैसे पार्सल दारात आल्यावर मोजावे लागतात.

मग बस कशी होईल? छोटी करून.

तुम्ही ६४ सेंटिमीटर लांबीची आणि ३,६०० तुकड्यांची बस योजली आहे. विटेच्या पाठीवर ज्या गोल खुंट्या असतात त्या गोट्या; दोन गोट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे ती ८० गोट्यांची झाली. तिला ४० गोट्यांची करा, ३२ सेंटिमीटर. बस आतून पोकळ असते, विटा लागतात त्या भिंती, मजला आणि छपराला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही निम्म्या झाल्या की हे क्षेत्रफळ चौथाईवर येतं. बारीकसारीक तुकडे तितके कमी होत नाहीत, म्हणून हजार तुकडे धरा. तुमच्याच भावाने त्याचे साडेनऊ-दहा हजार होतात. छोट्या घरात इतकी बस टीव्हीशेजारीही मावते. ६४ सेंटिमीटरची पेटी कुठे ठेवणार, याचा विचार पत्रात दिसला नाही.

आराखड्याचे १२,००० पूर्ण वाचवा. लेगोच्या सुट्या विटांचा ऑनलाइन बाजार असलेल्या ब्रिकलिंकचं 'स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात बस आधी पडद्यावर बांधता येते आणि तुकड्यांची यादीही तयार मिळते. चार-पाच रविवार जातील, ते जाऊ द्या. आजोबांसाठी स्वतः बसून केलेलं काम आहे ते, दुसऱ्याला पैसे देऊन का करून घ्यायचं? बेस्टच्या 'आणिक' नावाच्या डेपोत त्यांचं संग्रहालय आहे, वेळ विचारून एकदा जाऊन या. मुंबईत डबल डेकर १९३७ मध्ये आली आणि जुनी डिझेलवरची शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला थांबली. इतक्या वर्षांत बसची ठेवण बदलत गेली, त्यामुळे आजोबा नेमक्या कोणत्या गाडीवर होते ते आजीला विचारूनच आराखडा सुरू करा.

आजोबांनी दिलेल्या डब्यातल्या विटा अजून असतील तर त्या आतल्या मजल्यात वापरा. १९५८ पासूनच्या लेगोच्या विटा आजच्या विटांत बसतात, तेव्हा तुमच्याही बसतील. न दिसणाऱ्या भागात रंग कुठलाही चालतो. गोंद लावू नका. काचपेटीऐवजी अॅक्रिलिकची साधी पेटी करून घ्या, धुळीसाठी ती पुरते. पेटीत जागा ठेवून आजोबांचा खराखुरा बिल्ला आणि तिकिटांचा पंच बसशेजारी मांडा. आजीच्या दृष्टीने त्या पेटीत याहून मोलाचं काही नसेल, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

हिशेब असा: विटा १०,०००, कुरियर आणि शुल्क ५,०००, पेटी ३,०००. एकूण १८,०००, वर २,००० हाताशी. सगळे खर्च जाऊन तुमचे महिन्याला १०,००० उरतात. त्यातले ५,००० चार महिने बाजूला काढलेत की २०,००० झाले. एसआयपीला हात नाही, ४०,००० लाही नाही. ते ४०,००० तसेही तुमच्या दोन महिन्यांच्या खर्चाएवढेसुद्धा नाहीत, म्हणून उरलेले दरमहा ५,००० तिकडेच वळवा.

अशा संचांची किंमत पुढे वाढते, म्हणून ही गुंतवणूकही आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. वाढते ती उत्पादन थांबलेल्या आणि न उघडलेल्या डब्यांची. तुम्ही बांधलेली बस विकायची नाहीच, तेव्हा हा खर्च खर्च म्हणूनच लिहा. आजोबांसाठी १८,००० खर्च करायला गुंतवणुकीचं कारण लागत नाही.

खरेदी दोन टप्प्यांत करा. यादी तयार झाली की पहिल्या महिन्याच्या ५,००० तून चाकं आणि खिडक्यांचे पारदर्शक तुकडे मागवा. ते इथे सहज मिळत नाहीत, आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं तरी हाताशी वेळ राहील. साध्या लाल विटा मागाहून, जमल्यास इथल्याच विक्रेत्याकडून घ्या.