भावाले कस्टमरचे नंबर देऊ का?

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून घरूनच एका कॉल सेंटरचं काम करते, ट्रॅक्टर लोनवाल्या कस्टमरले फोन लावायचे. टीम लीडर यादी व्हॉट्सॲपवरच टाकतो. आता मावसभावाचं कृषी केंद्र आहे, तो म्हणतो आपल्या तालुक्यातले नंबर दे ना बाप्पा, बियाण्याची ऑफर पाठवतो. देऊ का?

उत्तर : नाही ताई, अजिबात नको. भाऊ रुसला तं रुसू द्या. शेतकऱ्यानं नंबर लोनसाठी देला, बियाण्यासाठी नाही, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे का ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, लागू टप्प्याटप्प्यानं होणार, पण म्हणून तोवर मोकळं रान आहे असं समजू नका, कारण आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम 72अ आधीपासूनच आहे, कामाच्या करारातून हाती आलेली माहिती ज्याची माहिती आहे त्याच्या संमतीशिवाय कोणाच्या गैरफायद्यासाठी फोडली तं 25 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि तो थेट तुम्हाले, कंपनीले नाही फक्त.

व्हॉट्सॲपवरच्या यादीचं मले जास्त खटकते. घरी मोबाईल पोरंसोरंही घेतात. लीडरले लेखी मेल करा, कंपनीच्या सिस्टिममधूनच यादी द्या म्हणा, मेलची कॉपी ठेवा, जुन्या याद्यांचं काय करायचं तेही त्यातच विचारा. नव्या कायद्यात डेटा नीट न सांभाळणाऱ्या कंपनीले 250 कोटींपर्यंत दंड आहे, एवढं ऐकलं का लीडर सरळ होते. आणि कस्टमरचा ओटीपी कधीच विचारू नका, लीडरनं सांगतलं तरी.