क्वार्टरबॅकचा खेळ आठवड्यागणिक का बदलतो?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलामुळे मलाही अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली आहे. एकच क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे पास फेकणारा मुख्य खेळाडू, एका रविवारी अचूक पास देतो आणि पुढच्याच रविवारी चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देत सुटतो, असे का होते? हा त्याच्या मनाचा कमकुवतपणा समजायचा का? आणि दोन सामने वाईट गेले म्हणून त्याला संघाबाहेर बसवणे योग्य आहे का?
— एक वाचक

उत्तर : याचे ठळक उदाहरण तुमच्याच राज्यात, ईस्ट रदरफर्डला घडले आहे. 25 नोव्हेंबर 2007 रोजी जायंट्स संघाचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग याने मिनेसोटाच्या संघाविरुद्ध चार इंटरसेप्शन दिली, म्हणजे त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, आणि त्यांपैकी तिनांवर त्यांनी थेट टचडाउन केले, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवले. त्यानंतर बरोबर दहा आठवड्यांनी त्याच मॅनिंगने तोवर अपराजित असलेल्या पेट्रियट्स संघाला 17-14 असे हरवून सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. दहा आठवड्यांत मनुष्य इतका बदलत नाही. बदलते ती त्याच्याभोवतीची परिस्थिती.

चेंडू हाती आल्यापासून पास सोडेपर्यंत क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्यांची बचावरचना ओळखायची, कोणता रिसीव्हर (पास झेलणारा साथीदार) मोकळा होईल याचा अंदाज बांधायचा आणि तो जिथे पोहोचणार आहे तिथे, तो पोहोचण्यापूर्वीच, चेंडू फेकायचा असतो. त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला एक जरी मागे ढकलला गेला, तरी या अडीच सेकंदांचे दीड होतात आणि पाय नीट रोवण्याआधीच पास सोडावा लागतो. शिवाय रिसीव्हरच्या हातांवर आपटून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला, तरी ते इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्याच नावावर लागते. नियमित हंगाम अवघ्या 17 सामन्यांचा असल्यामुळे असे दोन-तीन प्रसंगही आकडेवारीचे चित्र पालटून टाकतात.

सॅम डार्नल्ड या क्वार्टरबॅककडे पाहताना म्हणूनच मला घाईने निकाल देववत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये जेट्स संघाकडून खेळताना पेट्रियट्सविरुद्ध त्याने चार इंटरसेप्शन दिली आणि संघ 33-0 असा हरला. आपल्याला भुते दिसत आहेत, असे तो त्या सामन्यात म्हणाल्याचे मायक्रोफोनने टिपले आणि तो हेटाळणीचा विषय झाला. त्याच खेळाडूने 2024 मध्ये मिनेसोटाकडून 35 टचडाउन पास दिले आणि संघाने 17 पैकी 14 सामने जिंकले. मात्र हंगामाच्या अखेरच्या सामन्यात डेट्रॉइटने त्यांना 31-9 असे हरवले, आणि लगेचच्या बाद फेरीत रॅम्स संघाने डार्नल्डला नऊ वेळा पास सुटण्याआधीच जमिनीवर आणले. नऊ वेळा पाडल्या गेलेल्या खेळाडूच्या केवळ मनोधैर्याची चर्चा करणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही सगळा दोष परिस्थितीवर टाकता येत नाही. टॅम्पा बे संघाचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन याने 2019 च्या हंगामात 5,109 यार्डांचे पास आणि 33 टचडाउन दिले, पण 30 इंटरसेप्शनही दिली, आणि त्यांपैकी सातांवर प्रतिस्पर्ध्यांनी थेट टचडाउन केले. त्या हंगामातला त्याचा शेवटचा पासदेखील तसाच, जादा वेळेत, अटलांटाच्या हाती गेला. पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक तोच आणि प्रमुख रिसीव्हरही तेच असताना त्याच्या जागी आलेल्या टॉम ब्रेडीने फक्त 12 इंटरसेप्शन देत संघाला सुपर बोल जिंकून दिला. विन्स्टनच्या बाबतीत धोकादायक पास न देण्याचा संयम कमी पडला, हे मान्यच करावे लागते.

त्यामुळे बसवावे की नाही, हे चुकांच्या संख्येवरून नव्हे तर त्यांच्या स्वरूपावरून ठरवावे. पुरेसा वेळ मिळूनही खेळाडू आठवड्यामागून आठवडे त्याच प्रकारचा चुकीचा पास देत असेल, तर बदल रास्त आहे. तो दर सामन्यात धावत, पडत, घाईने पास सोडत असेल, तर त्याच ऑफेन्सिव्ह लाइनमागे दुसरा उभा करून फारसे काही साधत नाही. 2017 मध्ये जायंट्सनी मॅनिंगला बसवले आणि सलग 210 सामन्यांत सुरुवातीपासून खेळण्याची त्याची मालिका खंडित झाली. त्याच्या जागी जीनो स्मिथ उतरला, तरी संघ ओकलंडकडून 24-17 असा हरला. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकाची नोकरी गेली आणि पुढच्या सामन्यात मॅनिंग पुन्हा आपल्या जागी उभा होता.